मेळघाटातल्या सरांचं पत्र: वर्गात कोरकू बोललेलं चालतं का?

या वेळी एकच पत्र घेतेय, कारण उत्तर मोठं होणार आहे. पत्रही मोठं होतं, थोडक्यात देते, आणि गाव-शाळा काही लिहीत नाही.

"ताई, मी लातूरकडचा. नेमणूक मिळाली ती थेट मेळघाटात, धारणी तालुक्यात. द्विशिक्षकी शाळा आहे, माझ्याकडे पहिली-दुसरी. सगळी पोरं कोरकू, एक घर तेवढं गवळ्यांचं. मला कोरकू येत नाही, पोरांना मराठी येत नाही. काही विचारलं की खाली बघतात. एक मुलगी आहे, वर्गात वर्षभर तोंडातून शब्द नाही, आणि खिचडीच्या वेळी लहान भावाला मांडीवर घेऊन हातवारे करून इतकं काय काय सांगत असते की बाकीची पोरं पण ऐकत बसतात. मी तोडकंमोडकं कोरकू बोलायला लागलो तर पोरं हसली, जवळ आली. पण सोबतचे सर म्हणतात तुम्ही पोरांची सवय बिघडवताय, ही पोरं अशीच, यांच्या डोक्यात काही जात नाही. भेटीला आलेले साहेब म्हणाले वर्गात मराठीच पाहिजे, निपुणचा (सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानाचा) स्तर वर यायला हवा. पालक म्हणतात कोरकू आम्ही घरी शिकवतो गुरुजी, तुम्ही मराठी शिकवा, जमलं तर इंग्रजी. मी चुकतोय का? आणि खरं सांगतो, बदलीचा अर्ज भरावा असं पण वाटतं."

सर, पहिलं उत्तर आधी देऊन टाकते. तुम्ही चुकत नाही आहात. तुम्ही कोरकू बोलायला लागलात आणि पोरं जवळ आली, हे जे झालं ना तेच शिक्षणातलं सगळ्यात अवघड काम होतं आणि ते तुम्ही कुणी न सांगता केलंत. आता प्रश्न एवढाच की याच्या पुढे काय करायचं, कारण नुसतं जवळ येऊन भागत नाही, त्या पोरांना वाचता आलं पाहिजे, हिशेब आला पाहिजे आणि मराठी पण चांगली आली पाहिजे. यातली एकही गोष्ट सोडायची नाही, कुणाच्या सांगण्यावरून नाही.

त्या मुलीपासून सुरू करू. तुम्ही लिहिलंय की ती वर्गात बोलत नाही आणि खिचडीच्या वेळी बोलते. म्हणजे तिला बोलता येतं, रचून सांगता येतं, ऐकणाऱ्याला धरून ठेवता येतं, पहिलीच्या पोरीकडून आपल्याला अजून काय पाहिजे असतं? अमेरिकेत ऑरेगन राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज नावाची तिथल्या मूळ रहिवाशांची वस्ती आहे, तिथल्या शाळेत सुझन फिलिप्स नावाच्या बाईंनी बसून नीट बघितलं होतं, १९७० च्या आसपासची गोष्ट. तिथले शिक्षक पण हेच म्हणायचे की ही पोरं गप्प असतात. बाईंनी काय पाहिलं तर सगळ्यांसमोर एकेकाला उभं करून विचारलं की पोरं गप्प, पण तीच पोरं आपापल्या गटात काम करताना भरपूर बोलतात आणि टीचर शेजारी येऊन बसले की त्यांच्याशी पण बोलतात. त्यांच्या घरात कुणी मोठा माणूस लहानाला चारचौघांत उभं करून परीक्षा घेत नाही, पोरगं आधी बघतं, मग एकटं करून पाहतं आणि जमलं की दाखवतं. शाळेत एकदम उलटं. मग पोरगं गप्प बसलं की आपण लिहितो "प्रतिसाद नाही".

हवाईमध्ये पण असंच झालं. तिथे होनोलुलूला कीप (KEEP) म्हणून एक प्रयोग चालायचा, मूळ हवाईयन पोरांना वाचन जमत नव्हतं म्हणून. त्या पोरांच्या घरी गप्पा मारायची पद्धत अशी की दोघं-तिघं मिळून एक गोष्ट सांगतात, एकाच्या बोलण्यात दुसरा घुसतो आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. वर्गात टीचर म्हणणार हात वर करा, एकेकाने बोला. प्रयोगातल्या टीचरांनी तो आग्रह सोडला, धड्यावर पोरांना मिळूनच बोलू दिलं, आणि पोरं वाचायला लागली. कॅथरिन ऑ या बाईंनी त्यावर १९८० साली लिहिलं आणि ते आजही शिकवतात. हे सगळं सांगते कशासाठी तर तुम्ही उद्या वर्गात गेल्यावर त्या मुलीला उभं करू नका, "सांग बाळा" असं पण म्हणू नका. तिला तिच्या भावाला मांडीवर घेऊन बसू द्या (अंगणवाडीतलं असलं तरी येऊ द्या, काही होत नाही), तीन-चार पोरं सोबत द्या, आणि एक चित्र पुढ्यात टाकून तुम्ही बाजूला बसा. ऐका. कळणार नाही, तरी ऐका.

आता भाषेचं बोलू, कारण तुमच्यासोबतच्या सरांना वाटतं कोरकू म्हणजे मराठीचीच काहीतरी बिघडलेली बोली. तसं अजिबात नाहीये. कोरकू मुंडा कुटुंबातली भाषा आहे, तिच्या बहिणी म्हणजे संथाली, मुंडारी आणि "हो" नावाची भाषा, ज्या पार झारखंड-ओडिशाकडे बोलतात. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे ७ लाखांच्या वर होते, आपल्याकडे मेळघाट आणि पलीकडे मध्य प्रदेशात बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर. लातूरच्या पोराला पुस्तकातली मराठी थोडी वेगळी वाटते, पण घरचीच वाटते. धारणीच्या पोराला ती परकी भाषा आहे, आणि त्यातही बाजारात त्याच्या कानावर जास्त हिंदी पडते, म्हणजे मराठी त्याची तिसरी. तुमच्या वर्गात कुणी "बाई आला" म्हणालं तर लगेच लाल पेन काढू नका, कोरकूत मराठीसारखा तो-ती-ते चा भेद नाही, तिथे सजीव की निर्जीव हा फरक मोठा. आणि त्या पोराच्या भाषेत दोघांसाठी वेगळं रूप आहे, एक, दोघं आणि पुष्कळ असे तीन प्रकार, संस्कृतात द्विवचन होतं तसं, जे आपल्या मराठीत नाही. म्हणजे तुम्ही शिकवायच्या आधीच ते व्याकरणातला एक असा भेद रोज वापरतंय जो तुमच्या-माझ्या तोंडी येत नाही. आणि एक चांगली बातमी, आपल्याकडे "आपण" आणि "आम्ही" वेगळे असतात ना, तसे कोरकूत पण वेगळे आहेत. हिंदीवाल्यांना आपला हा फरक शिकवताना नाकी नऊ येतात, तुमच्या पोरांना तो आयता कळेल, तिथून सुरुवात करा.

साहेबांचं काय करायचं? भांडू नका, कागद दाखवा. संविधानात कलम ३५०क आहे, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेलं, की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय राज्याने करावी. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या कलम २९ मध्ये लिहिलंय की शक्य असेल तितपत शिक्षणाचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं, आणि त्याच कलमात मुलाला भीती आणि दडपणातून मोकळं ठेवायचं पण लिहिलंय. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा. आणि साहेब ज्या निपुणचं नाव घेतात ते २०२१ चं निपुण भारत, त्यात मौखिक भाषा विकास हा वाचनाच्या आधी धरलाय आणि तो घरच्या भाषेतूनच सुरू करा असं म्हटलंय. म्हणजे तुम्ही नियम मोडत नाही आहात, नियम पाळणारे बहुतेक तुम्हीच एकटे आहात.

आणि साहेबांना, सोबतच्या सरांना, अगदी मला वाचणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना पण मला एक विचारायचंय. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी सक्तीचा जीआर निघाला, तेव्हा आपण सगळे काय म्हणत होतो? सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर तिसरी भाषा लादू नका, आधी त्याची मातृभाषा पक्की होऊ द्या. बरोबर म्हणत होतो, आणि सरकारला २९ जूनला जीआर मागे घ्यावे लागले. मग तोच न्याय धारणीच्या पोराला का नाही? त्याची मातृभाषा तर एक तास पण पक्की करत नाही आपण, पहिल्या दिवसापासून त्याच्यापुढे त्याची तिसरी भाषा ठेवतो आणि वर म्हणतो डोक्यात जात नाही. मराठीसाठी जीव तोडून बोलणाऱ्यांनी कोरकूसाठी, गोंडीसाठी, कोलामीसाठी, पावरीसाठी पण बोललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा काढली, आणि शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली. गावाने आपल्या पोरांना आपल्या भाषेत शिकवायचं म्हटलं तर त्यांना नोटीस द्यायची, ही आपली गत आहे.

"ही पोरं अशीच" या वाक्याबद्दल पण थोडं. न्यूझीलंडमध्ये रसेल बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये "ते कोटाहिटांगा" नावाचं काम सुरू केलं, तिथे माओरी म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची पोरं शाळेत मागे पडायची. त्यांनी पोरांना, पालकांना आणि शिक्षकांना वेगवेगळं विचारलं की असं का होतं. बहुतेक शिक्षकांनी पोरांचं घर, गरिबी, पालकांचं लक्ष नसणं असलीच कारणं सांगितली. पोरांनी सांगितलं की टीचर आमच्याशी कसे वागतात त्यावर सगळं ठरतं. मग त्यांनी शिक्षकांसोबतच काम केलं, वर्गात बसून, वागणं बदलायचं. तुमच्यासोबतच्या सरांना हे भाषण देऊ नका, ते ऐकणार नाहीत, त्यांना फक्त एक दिवस खिचडीच्या वेळी त्या मुलीजवळ नेऊन बसवा.

आता कामाचं. तुम्ही विचारलं नाहीत पण मला माहितेय तुम्हाला हेच पाहिजे.

सगळ्यात पहिलं म्हणजे एक माणूस शोधा. तुम्हाला कोरकू येत नाही म्हणून अडून बसायची गरज नाही. गावात एखादी बारावी झालेली पोरगी असते, अंगणवाडीची मदतनीस असते, खिचडी करणारी बाई तर रोज शाळेतच असते. ओडिशात २००६-०७ पासून बहुभाषिक शिक्षण सुरू केलं, पहिल्या टप्प्यात दहा आदिवासी भाषा घेतल्या, तिथे त्या-त्या भाषेचे शिक्षक त्याच समाजातून घेतले. आंध्रने त्याच्याही आधी सुरू केलं होतं. आपल्याकडे तसं सरकारने करावं यासाठी भांडलं पाहिजे, पण तोवर तुमची शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात ठराव करा की अमुक बाई रोज सकाळी परिपाठानंतर एक तास वर्गात गोष्टी-गाण्यांना बसतील. ठराव असला की साहेब पण काही बोलत नाहीत. आणि त्या बाईंना फुकट राबवू नका, ग्रामपंचायतीकडे पेसाचा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याचा) निधी असतो, ग्रामसभेत विषय मांडून बघा.

मग त्या तासात पोरं कोरकूत जे बोलतील ते तुम्ही देवनागरीत लिहून घ्या. शुद्ध-अशुद्ध बघू नका. समजा एकाने सांगितलं की काल बकरी सुटली आणि ती सिपनेच्या पात्रात उतरली आणि बाप मागे पळाला. चार वाक्यं होतात. ती मोठ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, खाली पोरांना बकरी काढू द्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बोट ठेवून वाचायचं. अक्षर मराठीचंच आहे, देवनागरी, पण वाक्य त्याचं स्वतःचं. "कमळ, गवत, छत्री" यातली निम्मी पोराला अर्थाशिवाय पाठ करावी लागतात, आणि अर्थ नसेल तर ते वाचन नसतं, अक्षरांची नुसती नावं घेणं असतं. बकरीच्या गोष्टीत पुढचं वाक्य काय येणार हे त्याला आधीच माहिती असतं म्हणून ते अंदाज बांधतं, अक्षर बघतं, ताळा करतं. वाचायला शिकणं म्हणतात ते हेच, आणि एकदा ते एका भाषेत आलं की दुसऱ्या भाषेत पहिल्यापासून शिकवावं लागत नाही. असे कागद साठले की शिवून पुस्तक करा, वर पोरांची नावं घाला.

मराठी कधी? पहिल्या दिवसापासून, पण कानाने आणि अंगाने. "उठा, बसा, दार लाव, पाणी आण, दगड उचल", कृती करत करत, गाणी म्हणत. लिहायला-वाचायला मराठी नंतर, कोरकूतलं वाचन थोडं सुटं झालं की. मग तीच बकरीची गोष्ट मराठीत सांगा, पोरांना ती माहिती असल्यामुळे मराठी आपोआप कळत जाते. एक गोष्ट मात्र करू नका, आणि ही चूक खूप चांगले शिक्षक करतात, ती म्हणजे एक वाक्य मराठीत आणि लगेच तेच कोरकूत असं दर वाक्याला भाषांतर. पोरं हुशार असतात, त्यांना कळतं की मराठी संपल्यावर आपलं येणारच आहे, मग ती मराठीच्या वेळी कान बंद करतात. वर्ष गेलं तरी मराठी येत नाही आणि मग लोक म्हणतात बघा, कोरकूमुळे झालं. त्यापेक्षा वेळ वाटून घ्या, कोरकूचा तास पूर्ण कोरकू, मराठीचा तास पूर्ण मराठी, चित्रं, वस्तू, हातवारे वापरून. पोराने मराठीच्या तासात कोरकूत उत्तर दिलं तर ते घ्यायचं, मान हलवायची आणि तेच मराठीत म्हणून दाखवायचं, "असं म्हण" असा तगादा नाही.

गणिताला तर तुमच्याकडे खजिना आहे. ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या पाच पोरांवर एक अभ्यास झाला, १९८५ मध्ये छापून आला. गिऱ्हाईक होऊन विचारलं तर शंभरातली अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर, तसलेच हिशेब कागदावर नुसते आकडे लिहून दिले तर सदतीस. पोरं तीच, हिशेब तसेच. तुमची पोरं आईसोबत मोहफुलं वेचतात, वाळवतात, मापाने देतात, तेंदूपत्त्याचे पुडे बांधतात, त्यात पानं मोजतात, बाजारात उरलेले पैसे बरोबर घेऊन येतात. मोहाच्या दिवसात एकदा वर्गातच बाजार मांडा, माप आणा, तराजू आणा, भाव पोरांनाच ठरवू द्या आणि मग तोच हिशेब फळ्यावर आकड्यांत लिहा. एक कळलं का, मोजमाप, व्यापाऱ्याने माप मारलं तर कसं ओळखायचं, हे ज्या शाळेत शिकवतात त्या शाळेला पालक सुट्टी मागत नाहीत. आणि मराठी संख्यांची नावं अवघड जातात तर घाबरू नका, सत्तावीस म्हणताना सात आधी आणि वीस नंतर हा आपल्या भाषेचा गुंता आहे, बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात "वीस सात" असं वाचायचा पर्याय दिला तेव्हा किती गदारोळ झाला होता आठवत असेल, पण तुमच्या वर्गात तो पर्याय खरंच उपयोगी आहे. आधी कोरकूत मोजू द्या, मग वीस सात, मग सत्तावीस.

पालकांचं म्हणणं मात्र हलक्यात घेऊ नका सर. मराठी येत नाही म्हणून त्यांनी काय काय सोसलंय ते त्यांना माहिती आहे, दवाखान्यात, तहसीलमध्ये, बाजारात, वनखात्याच्या चौकीवर. ते मराठी मागतात ते बरोबरच मागतात. त्यांना "संस्कृती जपा" असं सांगायला जाऊ नका, ज्याच्या पोराला नोकरी पाहिजे त्याला ते ऐकून राग येईल आणि यायलाच पाहिजे. त्यांना सांगा की मी मराठीच शिकवणार आहे, पक्की शिकवणार आहे, रस्ता मात्र कोरकूवरून जातो. ओडिशात अजित मोहंती यांनी कोंध समाजाच्या पोरांवर अनेक वर्षं काम केलं, जी पोरं कुई आणि ओडिया दोन्ही बोलायची ती नुसती ओडिया बोलणाऱ्या कोंध पोरांपेक्षा भाषेच्या आणि विचाराच्या चाचण्यांत पुढे निघाली. घरची भाषा टाकून दिल्याने कुणी पुढे गेलं नाही. पण पालकांना संशोधन सांगून काय होणार, त्यांना शाळेत बोलवा आणि त्यांच्या पोराला त्यांच्यासमोर बकरीची गोष्ट वाचू द्या, आधी कोरकूत, मग मराठीत. ज्या बापाने आपली भाषा कधी कागदावर बघितलीच नाही त्याला ती आपल्या पोराच्या तोंडून वाचलेली ऐकू येणार आहे. नंतर तो काय म्हणतो ते मला कळवा.

आता एक गोष्ट जी मला फार खटकते. आपल्याकडे संस्कृतीला शाळेत आणणं म्हणजे ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, पोरांना पिसं लावून नाचवणं, फोटो काढणं, ग्रुपवर टाकणं. गादलीचा नाच सुंदरच आहे, जरूर नाचू द्या, पण दुसऱ्या दिवशी तेच पोरगं वर्गात आपल्या भाषेत बोललं म्हणून गप्प केलं जाणार असेल तर त्या नाचाचा काय उपयोग. त्यांचं जगणं धड्यात आलं पाहिजे, नुसतं स्टेजवर नाही. गावातली समोरासमोर दोन रांगांतली घरं, पूर्वजांच्या आठवणीला सागाच्या लाकडात कोरलेले मुंडा नावाचे खांब, होळीनंतरचा मेघनाथाचा सण, कुटकीची पेरणी, हे परिसर अभ्यासात येऊ द्या. आणि फक्त गोड-गोड नको. १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, काही गावं उठली, काहींचं पुनर्वसन झालं, दिवाळीनंतर आई-बाप कामाला लांब जातात आणि होळीला येतात, हे पोरांना माहिती असतंच, ते बोलले तर थांबवू नका. (जी पोरं आई-बापासोबत जाणार त्यांचं हंगामी वसतिगृह किंवा शिक्षण हमी कार्डचं आधीच बघा, ऑक्टोबरातच.)

आणि ते एक गवळ्याचं घर! कोरकूच्या तासात त्या पोराचं काय होतं बघा. वर्गात बहुसंख्य कोरकू झाले म्हणून एकट्या पोराने गप्प बसायचं असं नको, त्याची गोष्ट त्याच्या बोलीत पण लिहा, म्हशींचं त्याला जेवढं कळतं तेवढं वर्गात कुणालाच कळत नसेल. समान संधी म्हणतो ती इथे तपासायची असते, सगळ्यात एकट्या पोरापाशी.

निपुणच्या चाचणीबद्दल एक युक्ती. चित्र दाखवून "काय दिसतंय सांग" असं मराठीत विचारलं आणि पोरगं गप्प राहिलं तर त्याची भाषा शून्य लिहिली जाते, पण ती चाचणी मराठीची झाली, भाषेची नाही. तुम्ही तीच चाचणी आधी कोरकूत घ्या, मदतीला बाई आहेतच, पोराने किती वाक्यं सांगितली ते लिहून ठेवा, मोबाईलवर आवाज पण घ्या. मग मराठीत घ्या. दर दोन-तीन महिन्यांनी दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी. साहेब पुन्हा आले की हेच पुढे ठेवा. मी साहेब लोकांना दोष देत नाही, त्यांना वर आकडा पाठवायचा असतो, त्यांच्या हातात चांगला आकडा दिला की ते तुमच्या बाजूने बोलतात. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यात आहे, तिथे कोरकूचं काही साहित्य मिळतं का ते विचारा, आणि पालघरकडे सोनाळ्याला निलेश निमकर यांची क्वेस्ट संस्था लहान मुलांच्या वाचनावर फार चांगलं काम करते, त्यांचं बघा.

आपल्याकडे हे नवीन पण नाहीये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये कोसबाडला गेल्या, वारल्यांच्या पाड्यांवर. पोरं शाळेत येईनात तर त्यांनी बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली, आणि जी पोरं गुरं राखायला जायची त्यांच्यासाठी कुरणावर शाळा भरवली. गुरं सोडून या असं त्या म्हणत बसल्या नाहीत. आज देशभर अंगणवाड्या आहेत आणि त्यातलं जे मूळ होतं, की शाळेने पोराकडे जायचं, तेच आपण विसरलो याचं मला वाईट वाटतं.

राहिली बदली. घरी आई-वडील आजारी असतील, तब्येत साथ देत नसेल तर खुशाल अर्ज भरा, तुमच्यावर कुणी उपकार केले नाहीत आणि तुम्ही पण त्यागाची मूर्ती व्हायची गरज नाही. पण पोरं शिकत नाहीत या निराशेने जाणार असाल तर एक वर्ष थांबा, कारण ती आता शिकायला लागलीयेत, तुमच्याच पत्रात लिहिलंय. आणि जायचं असो की राहायचं, आजपासून एक जाड वही करा. डावीकडे कोरकू, उजवीकडे मराठी, पोरांनी सांगितलेल्या गोष्टी, रोजची वाक्यं, "पोट दुखतंय", "दप्तर कुठाय", "पुन्हा सांग", आजीने सांगितलेली कोडी, सगळं. शब्द चुकला तर पोरं दुरुस्त करतील, त्यांना सरांना शिकवायला फार आवडतं. आणि बदलीच्या ऑर्डरची वाट न बघता तिची एक झेरॉक्स केंद्रशाळेत ठेवून द्या, पुढच्या सरांना पहिल्या दिवशी हातात मिळाली पाहिजे.